टॉमी अँड्र्यूज आणि पास झालेलं पोलाद

'टायटॅनिक' पिक्चर कितीही वेळा बघितला तरी एक माणूस हमखास लक्षात राहतो. जॅक नाही, रोझ नाही. शेवटाकडे फायरप्लेससमोर एकटाच उभा राहणारा, घड्याळ नीट लावणारा तो कोटातला माणूस. जहाज कलंडतंय, लोक पळतायत आणि हा जागचा हलत नाही. त्याचं नाव थॉमस अँड्र्यूज. घरचे आणि यार्डातले लोक त्याला टॉमी म्हणायचे. जहाज बांधणाऱ्या कंपनीचा तो मॅनेजिंग डायरेक्टर होता, तेव्हा वय होतं अवघं ३९.

त्याच्यावर वटारच्या पोरापोरींनी का वाचावं? एक कारण तर घराजवळचंच आहे. वटारहून उत्तरेला निघालं की अर्नाळ्याच्या पलीकडे वैतरणा समुद्राला मिळते. याच 'वैतरणा' नावाची एक आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात गडप झाली. सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलंसुद्धा होती. विजेचे दिवे होते म्हणून गुजरातीत तिला 'वीजळी' म्हणत. १९४७ ची रेवसची 'रामदास' बोट तर आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली असेलच. आपल्याकडे समुद्राची भीती पिक्चरमधून येत नाही, घरातून येते.

दुसरं कारण जास्त रोजचं आहे. आपल्यातले कितीतरी जण सकाळी नालासोपारा किंवा वसई स्टेशन गाठून पूर्वेला जातात. वालीव, सातिवली, गोखिवरे इथले गाळे, फॅब्रिकेशन, फोर्जिंग, नटबोल्ट. डिप्लोमावाले इंटर्नशिपला, आयटीआयवाले अप्रेंटिसशिपला. तिथे पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात येतो, मिल टेस्ट सर्टिफिकेट. कार्बन बरोबर, ताकद बरोबर, लांबी बरोबर, सगळं पास. आणि तरीही तीच प्लेट लॅबमध्ये गेली की एका हातोड्याच्या फटक्यात काचेसारखी दोन तुकडे होऊ शकते. टॉमी अँड्र्यूजच्या जहाजाचं पोलाद असंच होतं. फरक एवढाच, की तो फटका मारून बघायला ऐंशी वर्षं लागली.

अँड्र्यूजचा जन्म ७ फेब्रुवारी १८७३ चा, आयर्लंडच्या उत्तरेला बेलफास्टजवळ कॉम्बर नावाच्या गावात. घर खातंपितं. वडील राजकारणात, भाऊ जॉन पुढे उत्तर आयर्लंडचा पंतप्रधान झाला. टॉमी अभ्यासात फार चमकला नाही. त्याला क्रिकेट आवडायचं, घोडे आवडायचे आणि मधमाश्या पाळायचा नाद होता. आईचा भाऊ विल्यम पिरी हा हारलंड अँड वुल्फ या बेलफास्टच्या जहाज कारखान्याचा मालकांपैकी एक. म्हणजे मामाची कंपनी. आपल्याकडे असं असतं तर पोरगा थेट केबिनमध्ये बसला असता.

टॉमी १८८९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिथे अप्रेंटिस म्हणून लागला. पाच वर्षांची उमेदवारी, आणि मामाने सूट काहीच दिली नाही. आधी सुतारांकडे तीन महिने, मग कॅबिनेट बनवणाऱ्यांकडे, मग रंगारी, लोहार, मोल्ड लॉफ्ट, प्रत्यक्ष जहाजावरचं काम, आणि सगळ्यात शेवटी दीड वर्ष ड्रॉइंग ऑफिस. पहाटे पाचच्या आत उठायचं, सहाला यार्डात हजर. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा अभ्यास, मशीन ड्रॉइंग, मेकॅनिक्स, जहाजरचना. कॉलेजची डिग्री त्याच्याकडे नव्हती. तरी १९०१ मध्ये तो नेव्हल आर्किटेक्ट्सच्या संस्थेचा सभासद झाला आणि १९०७ मध्ये कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर आणि ड्रॉइंग विभागाचा प्रमुख.

तरीही तो ऑफिसात बसणारा साहेब झाला नाही. डोक्यावर रंगाचे डाग पडलेली बोलर हॅट, खिशात कोंबलेले नकाशे, आणि दिवसभर यार्डात फेऱ्या. पंधरा हजारांच्या आसपास माणसं तिथे काम करत, त्यातल्या पुष्कळांना तो नावाने ओळखायचा. १९०८ च्या जूनमध्ये त्याने हेलन बार्बरशी लग्न केलं. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, एलिझाबेथ. घरात तिचं नाव एल्बा.

याच काळात यार्डात दोन राक्षस शेजारी शेजारी उभे राहत होते, 'ऑलिम्पिक' आणि 'टायटॅनिक'. पिक्चर बघून वाटतं की टायटॅनिक एकट्या अँड्र्यूजने डिझाइन केली. तसं नाही. मूळ कल्पना पिरीची, सुरुवातीचं मोठं काम अलेक्झांडर कार्लाइलचं. तो १९१० मध्ये निवृत्त झाल्यावर सगळी सूत्रं अँड्र्यूजकडे आली. पंधरा आडव्या भिंती, सोळा कप्पे. पुढचे चार कप्पे पाण्याने भरले तरी जहाज तरंगत राहील, असा हिशेब होता. त्या काळाच्या मानाने हा हिशेब कडकच होता.

आता पोलाद. टायटॅनिकच्या अंगावर साधारण दोन हजार प्लेटा होत्या. मोठी प्लेट तीस फूट लांब, सहा फूट रुंद, इंचभर जाड. त्या जोडायला वेल्डिंग नव्हतं, तीसेक लाख रिव्हेट होते. पोलाद स्कॉटलंडहून यायचं. तपासणीला नमुन्याची पट्टी मशीनमध्ये धरून हळूहळू ताणायची, किती जोरावर तुटते आणि तुटण्याआधी किती लांबते ते मोजायचं. मग दुसरी पट्टी वाकवून बघायची, भेग पडते का. दोन्हींत पास झाली की प्लेट यार्डात. टायटॅनिकचं पोलाद पास झालेलं होतं. कुणी चोरी केली नाही, स्वस्तातला माल लावला नाही. त्या काळात जहाजासाठी मिळणारं साधं पोलाद जितकं चांगलं असायचं तितकं ते चांगलं होतं.

मग गडबड कुठे होती? कोयता आठवा. आपल्याकडे नारळावर चढणाऱ्याच्या कमरेला असतो तो. लोहार कोयता लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला पाणी देतो. पाणी जास्त झालं तर धार मस्त येते, पण कोयता माडावरून खाली दगडावर पडला की त्याचा तुकडा उडतो. म्हणून चांगला लोहार पाणी दिल्यावर तो पुन्हा थोडा तापवतो, थोडी कडकी उतरवतो. धार थोडी कमी झाली तरी चालेल, पण घाव सोसला पाहिजे. कडकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा, हे त्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं.

ताणून बघण्याच्या चाचणीत तीन गोष्टी पोलादाच्या बाजूने असतात. जोर हळूहळू लागतो. पट्टी गुळगुळीत असते. आणि खोलीत आरामाचं तापमान असतं. खऱ्या जगात तिन्ही उलटे होऊ शकतात. धक्का एकदम बसतो. प्लेटला भोकं असतात, कोपरे असतात, खाच असते, आणि ताण नेमका त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. आणि थंडी असते. साध्या पोलादाचा स्वभावच असा की गरम असताना ते वाकतं, आणि एका तापमानाखाली गेलं की वाकायचं सोडून तडकतं. हा बदल एकदम होत नाही. तापमान उतरत जाईल तसं पोलाद पाठ फिरवत जातं.

हे पकडण्यासाठीची चाचणी टायटॅनिकच्या आधी जगात होती, हे मला सगळ्यात टोचतं. जॉर्ज चार्पी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९०१ मध्ये आपली पद्धत मांडली. पोलादाचा छोटा दांडा, मध्ये खाच, दोन टेकूंवर ठेवायचा, आणि लंबकाच्या हातोड्याने खाचेच्या मागून एकच फटका. दांडा तोडून हातोडा पलीकडे किती वर गेला यावरून पोलादाने किती ऊर्जा गिळली ते कळतं. चिवट पोलाद पुष्कळ गिळतं, हातोडा दमतो. ठिसूळ पोलाद काहीच गिळत नाही, हातोडा सरळ वर जातो. टायटॅनिकचा कणा बसवला गेला ३१ मार्च १९०९ ला. तोवर चार्पीची चाचणी आठ वर्षांची होती, पण जहाजाच्या पोलादाच्या अटींमध्ये ती कुणी घातलेली नव्हती. जे मागितलंच नाही त्यात पोलाद नापास कसं होणार?

टायटॅनिक ३१ मे १९११ ला पाण्यात उतरली. पहिल्या सफरीला १० एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनहून निघाली, तेव्हा अँड्र्यूज जहाजावर होता. कंपनी प्रत्येक नव्या जहाजासोबत आपली काही माणसं पाठवायची, कुठे काय खटकतं ते बघायला. तो धरून ते नऊ जण होते, त्यात काही तरुण अप्रेंटिस. असं निवडलं जाणं हा मान समजला जायचा. अँड्र्यूज दिवसभर हिंडून वहीत नोंदी करत होता. टोप्या टांगायच्या खुंट्यांना स्क्रू जास्त लागलेत, स्वयंपाकघरातला एक गरम कपाटाचा भाग नीट चालत नाही, बायकांच्या वाचनखोलीचा काही भाग काढून केबिन करता येतील. अशा नोंदी.

त्याची केबिन होती ए-३६. हा आकडा लक्षात ठेवा.

१४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी उजव्या बाजूला हिमनग घासला. अँड्र्यूजला धक्का फारसा जाणवलाही नव्हता म्हणतात. कॅप्टन स्मिथने बोलावल्यावर तो खाली गेला, कप्पे बघितले. पाणी चारात नव्हतं, त्याहून जास्त कप्प्यांत शिरत होतं. मग उरलं ते नुसतं गणित. जहाज तास-दीड तासात जाईल, असं त्याने कॅप्टनला सांगितलं. प्रत्यक्षात दोन तास चाळीस मिनिटं लागली. आपल्या हाताने उभं केलेल्या जहाजाचं मरण असं मिनिटांत मोजून सांगायची पाळी अजून कुणावर आली असेल, मला माहीत नाही.

त्यानंतरचा त्याचा वेळ पिक्चरपेक्षा वेगळा आहे. तो केबिनी उघडत, लोकांना बाहेर काढत, लाइफबेल्ट घालायला लावत फिरला. बायकांना बोटींत बसवण्यासाठी त्याने आर्जवं केली. स्टुअर्डेसना सांगितलं की स्वतः बेल्ट घाला, म्हणजे तुम्हाला बघून प्रवासी घालतील. वाचलेल्या स्टुअर्डेसनी नंतर त्याच्याबद्दल भरभरून सांगितलं. एका स्टुअर्डने त्याला स्मोकिंग रूममध्ये एकटा उभा बघितलं, लाइफबेल्ट टेबलावर पडलेला. पिक्चरने तेवढंच उचललं. पण त्यानंतरही तो डेकवर दिसला, पाण्यातल्या लोकांना धरायला म्हणून खुर्च्या टाकताना, असंही सांगणारे होते. २ वाजून २० मिनिटांनी टायटॅनिक गेली. बोटी होत्या २०, जागा ११७८ माणसांची, जहाजावर २२०० च्या आसपास माणसं. पंधराशे गेली. अँड्र्यूजचा देह सापडला नाही. बेलफास्टची नऊच्या नऊ माणसं गेली.

चौकशीत एडवर्ड विल्डिंग नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने पाणी शिरण्याच्या वेगावरून हिशेब मांडला की सगळ्या फटी मिळून जेमतेम बारा चौरस फूट भरतील. एका दाराएवढंसुद्धा नाही. लोकांना ते पटलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात होती तीनशे फुटांची लांबलचक चीर. जहाज सापडल्यावर १९९६ मध्ये ध्वनिलहरींनी चिखलाखाली दडलेली बाजू तपासली तेव्हा सहा बारीक फटी दिसल्या, एकूण साधारण तेवढ्याच. विल्डिंग बरोबर होता.

जहाज १९८५ च्या सप्टेंबरमध्ये सापडलं, समुद्राच्या ३८०० मीटर खाली, दोन तुकड्यांत. १९९१ च्या मोहिमेत पोलादाचा एक छोटा तुकडा वर आला आणि कॅनडात हॅलिफॅक्सला त्याची चार्पी चाचणी झाली. शेजारी आजचं जहाजाचं पोलाद. आजचं पोलाद फटक्याने वाकून व्ही झालं. टायटॅनिकचं साफ दोन तुकडे. पुढे अमेरिकेत मिसुरीतल्या संशोधकांनी जास्त नमुने तपासून १९९८ मध्ये आकडे छापले. त्यांनी तुलनेला जे आजचं पोलाद घेतलं त्याचं नाव ए-३६. योगायोग आहे, पण वाचताना मी थांबलो होतो.

हे आकडे नीट बघा, कारण गोम इथे आहे. ताणल्यावर टायटॅनिकचं पोलाद ४१७ मेगापास्कलला तुटलं, लांबी २९ टक्के वाढली. आपल्याकडे वसईच्या गाळ्यांत रोज कापलं जातं ते आयएस २०६२ चं ई २५० पोलाद. त्याला मागतात ४१० आणि २३ टक्के. म्हणजे या दोन रकान्यांत शंभर वर्षांपूर्वीचं पोलाद आजही पास. (यील्ड मात्र १९३ निघाली, आज २५० मागतात, तिथे ते मार खातं.) पण चार्पीत त्याला वीस ज्यूल गिळायला प्लेटच्या लांबीच्या दिशेने ३२ अंश सेल्सिअस लागले, आडव्या दिशेने ५६. ए-३६ ला उणे २७ पुरतात. त्या रात्री समुद्र होता उणे दोनच्या आसपास. म्हणजे आपल्या वैशाखातल्या दुपारीसुद्धा हे पोलाद आडव्या दिशेने ठिसूळच.

असं का? त्यात गंधक आणि फॉस्फरस जास्त होतं. ज्या भट्टीत ते बनलं तिचं अस्तर असं असायचं की हे दोन्ही बाहेर निघत नसत. गंधक मँगनीजशी जुळून बारीक कण होतात, आणि प्लेट लाटताना ते कण पोळीतल्या जिऱ्यासारखे लांबट चिरडले जातात. त्यांच्या रेषेत भेग सहज पळते. म्हणूनच उभ्या आणि आडव्या दिशेत एवढा फरक. मँगनीज गंधकाच्या जेमतेम सातपट होतं, ए-३६ च्या नमुन्यात ते पंधरापट आहे. आणि पोलादाचे दाणे मोठे होते. दाणा बारीक तितकी भेगेला वळणं जास्त, तितकं पोलाद चिवट. ताणून बघताना यातलं काहीही उठून दिसत नाही.

मग टायटॅनिक ठिसूळ पोलादामुळे बुडाली का? पेपरात तसे मथळे झळकले होते. मला ते घाईचे वाटतात. चार्पीचा फटका फार वेगवान असतो, हिमनग त्या मानाने सावकाश घासत गेला. आणि 'ऑलिम्पिक' त्याच धर्तीच्या पोलादाची. १९११ मध्ये तिला 'हॉक' नावाची युद्धनौका येऊन धडकली, १९१८ मध्ये तिने स्वतः एक जर्मन पाणबुडी धडक मारून बुडवली, आणि १९३५ पर्यंत ती चालली. अमेरिकेच्या टिम फोके या धातुतज्ज्ञाचं बोट प्लेटांपेक्षा रिव्हेटांकडे आहे. पुढच्या आणि मागच्या भागात रिव्हेट पोलादाचे नसून घडीव लोखंडाचे होते, हाताने ठोकलेले, आणि वर काढलेल्या काहींमध्ये मळी नेहमीच्या तिप्पट निघाली. रिव्हेटांची डोकी उडाली, जोड उघडले, बारीक फटी पडल्या, हे त्याचं म्हणणं त्या बारा चौरस फुटांशी जुळतं. कंपनीकडच्या लोकांनी ते मान्य केलं नाही. वाद आहेच.

ठिसूळपणाचा खरा जाब जहाजांना द्यावा लागला तो पुढे तीस वर्षांनी. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' हा नवाकोरा टँकर धक्क्याला बांधलेला असताना, शांत पाण्यात, मधोमध तडकला. आता जहाजं वेल्डिंगची होती. रिव्हेटच्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबते. वेल्डिंगमध्ये सगळं जहाज म्हणजे एकच प्लेट. दोष वेल्डरांवर ढकलला जात होता. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ दुखणं पोलादात आणि थंडीत आहे. त्यानंतर हळूहळू जहाजाच्या पोलादाच्या अटींत चार्पी शिरली.

आज ई २५० च्या मागे एक अक्षर असतं. ए, बीआर, बी-ओ, सी. ताकद सगळ्यांची तीच. ए ला चार्पी सक्तीची नाही. बी-ओ ला शून्य अंशावर २७ ज्यूल, सी ला उणे वीसवर. ड्रॉइंगवर बी-ओ असताना ए ची प्लेट कापली गेली, तर सर्टिफिकेटवर ताकदीचा रकाना बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. बी-ओ असूनही नापास होऊ शकते: नमुना आडवा कापला, प्लेट जाड आणि मध्यभागी दाणा मोठा, वेल्डच्या शेजारची जागा जास्त तापली, खाच खरबरीत कापली गेली. आणि कधी उलटंही होतं. गार केलेला नमुना बाहेर काढल्यावर पाच सेकंदांत फटका मारायचा असतो, तोवर कुणी गप्पा मारत बसलं तर नमुना गरम होऊन खोटा पास होतो.

हेलनने १९१७ मध्ये पुन्हा लग्न केलं. कॉम्बरच्या लोकांनी वर्गणी काढून अँड्र्यूजच्या नावाने एक हॉल बांधला, तो १९१४ पासून तिथे उभा आहे. पुढे तो गावातल्या प्राथमिक शाळेकडे गेला, आणि शाळेचं नावच अँड्र्यूज मेमोरियल आहे. बेलफास्टचं त्याचं ड्रॉइंग ऑफिसही शाबूत आहे, लांबच लांब, छतातून उजेड येणारं. आता तिथे हॉटेल आहे.